सत्तर दिवसांचे पीक

पुण्याजवळ मावळातल्या परंदवडीच्या शिवारात ऑक्टोबरात लोंब्या भरून वाकतात आणि डिसेंबर निम्मा सरेपर्यंत झोडणी उरकते. मग खाचरे मोकळी होतात. पोरे धसकटे तुडवून जमीन सारखी करतात आणि एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत खेळ सुरू होतो. खेळ बहुधा क्रिकेटच. गहुंज्याला २०१२ पासून क्रिकेटचे भले मोठे स्टेडियम उभे आहे, तेव्हा त्यात नवल नाही. पण मामुर्डीही इथून फार लांब नाही, आणि मामुर्डीत काही वर्षे पुण्याच्या फुटबॉल क्लबची निवासी अकादमी चालत होती. त्या काळातली रंग उडालेली केशरी-जांभळी जर्सी अजून एखाद्या पोराच्या अंगावर दिसते. ती ज्या क्लबची, तो एफसी पुणे सिटी २०१९ साली मोडला.

आमचा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला. पेरणीपासून कापणीपर्यंत त्याला साडेचार महिने लागतात. इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम १२ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झाला आणि २० डिसेंबरला संपला, म्हणजे अवघ्या सत्तर दिवसांत. इंद्रायणीला लागतो त्याच्या निम्म्या वेळात देशातला सर्वांत गाजावाजा झालेला फुटबॉल हंगाम पेरून, कापून, झोडून मोकळा. आणि या पिकाची राखण करायला एफसी गोवा या क्लबने कोणाला बोलावले होते? झिकोला.

ज्यांनी १९८६ चा वर्ल्ड कप दूरदर्शनसमोर जागून पाहिला, त्यांना हे नाव नव्याने सांगायला नको. ग्वादालाहारात ब्राझील विरुद्ध फ्रान्स, आपल्याकडे मध्यरात्र. गुडघ्याने दगा दिलेला झिको बदली खेळाडू म्हणून उतरला, आल्या आल्या त्याच्या पासवर ब्राझीलला पेनल्टी मिळाली, ती त्यानेच घेतली आणि फ्रान्सचा गोलरक्षक बाट्सने ती अडवली. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने आपली किक बरोबर मारली, पण ती कोणाच्या लक्षात राहिली नाही. त्याआधी चार वर्षे, १९८२ मध्ये, याच माणसाभोवती गुंफलेला ब्राझीलचा संघ इटलीकडून ३-२ असा हरला होता. जगाने ज्याच्यावर भरभरून प्रेम केले पण ज्याला वर्ल्ड कप कधी मिळाला नाही, असा तो ब्राझीलचा संघ. आर्थुर अँतुनेस कोइम्ब्रा ऊर्फ झिको, जन्म ३ मार्च १९५३, रिओच्या किंतिनो या साध्या उपनगरातला. फ्लामेंगोला त्याने १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद मिळवून दिले आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला टोकियोत लिव्हरपूलला ३-० ने हरवले. टोकियोतल्या त्या सामन्याचे धागे पुढे लागतील, म्हणून तारीख ध्यानात ठेवावी.

खेळ संपल्यावर झिको ब्राझील सरकारात क्रीडा खात्याचा प्रमुख झाला. तिथे वर्षभराच्या आसपास टिकला. आणि १९९१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो जपानला गेला तो सुमितोमो मेटल्स या पोलाद कंपनीच्या संघाकडून खेळायला. हा संघ जपानच्या दुसऱ्या श्रेणीत होता. गाव काशिमा: समुद्रकाठचे लहानसे गाव, बंदर, पोलादाचे कारखाने, आजूबाजूला शेती. पाळ्या संपल्या की गाव झोपणार. तळेगाव एमआयडीसी, उर्से, परंदवडी हा आमचा पट्टा ज्याने पाहिला आहे त्याला काशिमा समजावून सांगावे लागणार नाही. शेताला लागून शेड, शेडला लागून गोदाम, मधून कंटेनर जाणारा रस्ता.

जपानमध्ये तेव्हा व्यावसायिक लीग उभी राहत होती. काशिमाला त्यात घ्यावे, अशी विनंती झाली तेव्हा लीगचे प्रमुख साबुरो कावाबुची यांनी तुमची शक्यता ९९.९९९९ टक्के नाही, असे उत्तर दिले. पंधरा हजार प्रेक्षकांचे, छप्पर असलेले स्टेडियम बांधलेत तर बघू, अशीही पुस्ती जोडली. समोरच्याने गप्प बसावे म्हणून घातलेली ती अट होती. काशिमाच्या लोकांनी ती अट म्हणूनच घेतली आणि स्टेडियम बांधले. १६ मे १९९३ रोजी काशिमा अँटलर्सने लीगमधला पहिला सामना नागोयाविरुद्ध ५-० असा जिंकला. चाळिशी ओलांडलेल्या झिकोचे त्यात तीन गोल होते. ज्यांनी बारा वर्षांपूर्वी त्याला टोकियोत लिव्हरपूलला नाचवताना पाहिले होते, त्यांनी आता तो आपल्या गावच्या जर्सीत पाहिला.

गोलांपेक्षा मोठे काम त्याने ड्रेसिंग रूममध्ये केले. तोवर तिथले खेळाडू म्हणजे कंपनीचे नोकर होते. खेळ ही पाळी संपल्यावरची गोष्ट होती, हरलो तर हरलो, सोमवारी कामावर. झिकोला हे खपत नसे. सराव वेळेवर व्हावा, बूट-चेंडूंची निगा राहावी, हरल्यावर चीड यावी, यासाठी तो आदळआपट करी. समर्पण, प्रामाणिकपणा, आदर हे त्याचे तीन शब्द क्लबने आपले सूत्र म्हणून कायम ठेवले. १९९४ मध्ये त्याने बूट उतरवले तरी क्लब सोडला नाही. १९९६ पासून २००२ पर्यंत तो तांत्रिक संचालक होता, आणि मध्ये काही काळ प्रशिक्षकाची खुर्चीही सांभाळली. २०१६ पर्यंत अँटलर्सने जपानची लीग आठ वेळा जिंकली. टोकियो-ओसाकाच्या धनाढ्य क्लबना जे जमले नाही ते एका पोलादाच्या गावाने केले.

त्यानंतर मात्र झिकोची प्रशिक्षक म्हणून जी भ्रमंती सुरू झाली, ती मला एकसंध कारकीर्द वाटत नाही. २००२ ते २००६ जपानचा राष्ट्रीय संघ, २००४ चा आशिया कप. मग २००६ चा वर्ल्ड कप आणि कैझर्सलाउटर्नमधला तो सामना: जपान ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८४ व्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तीन गोल खाऊन ३-१ ने पराभूत. स्पर्धेतला अखेरचा सामना ब्राझीलशी, त्यातही हार, ४-१. मग तुर्कस्तानात फेनरबाचे. क्लबच्या शंभराव्या वर्षी लीगचे विजेतेपद, आणि २००८ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत इस्तंबूलमध्ये चेल्सीला २-१ ने हरवून लंडनमध्ये २-० ने गमावणे. प्रशिक्षक झिकोचा हा कळस. पुढे ताश्कंद, मॉस्को, ग्रीसमधले ऑलिंपियाकोस, इराकचा राष्ट्रीय संघ, कतार. कुठे काही महिने, कुठे वर्ष. नकाशावर टाचण्या टोचत जावे तसे.

शेवटची टाचणी मडगावला टोचली गेली.

गोव्यात फुटबॉल पोर्तुगिजांनी आणला असे अनेकांना वाटते. तसे नाही. १८८३ च्या सुमारास फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूने शिवोलीला चेंडू आणला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पोर्तुगिजांची सत्ता जाऊन पन्नासावर वर्षे झाली होती, पण झिको आला तेव्हा त्याच्याशी त्याच्याच भाषेत दोन शब्द बोलू शकणारी जुनी माणसे गोव्यात होती. कोकणीत वाद घालणारे, मराठी पेपरात निकाल वाचणारे आणि पोर्तुगीज प्रार्थना पाठ असणारे प्रेक्षक एकाच गॅलरीत बसलेले, असे दृश्य मडगावच्या फातोर्डा स्टेडियमखेरीज भारतात कुठे दिसेल? एवढ्यापुरती तरी एफसी गोवाची निवड अचूक होती.

पहिल्या हंगामात, २०१४ ला, सुरुवात घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून हरून झाली. मग संघ हळूहळू सावरला आणि साखळीत दुसरा आला. उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य, आणि फातोर्ड्यात पेनल्टीवर हार. त्या संघात रोमियो फर्नांडिस नावाचा गोव्याचा तरुण विंगर होता. २०१५ मध्ये तो ब्राझीलच्या अतलेतिको पारानाएन्से या क्लबकडे गेला आणि ब्राझीलमध्ये व्यावसायिक सामना खेळणारा पहिला भारतीय ठरला. तिकडून इकडे माणसे शे-दीडशे आली असतील. इकडून तिकडे गेलेला हा एक.

२०१५ चा हंगाम हा या सगळ्याचा गाभा आहे. गोवा साखळीत अव्वल. १७ नोव्हेंबरला फातोर्ड्यात मुंबई सिटीविरुद्ध ७-० असा विजय, त्यात डुडू ओमाग्बेमी आणि मणिपूरचा थोंगखोसिएम हाओकिप या दोघांच्या हॅटट्रिक. उपांत्य फेरीत दिल्लीत ०-१ ने मागे पडून घरी ३-०. डावीकडून मंदार राव देसाई पळत असे. गोव्याचाच पोरगा, सडपातळ, पाय कायम लाइनीवर. संघ पुढे जाऊन खेळत होता. गोल खाल्ले तर आणखी घालू, हा जुना ब्राझिली हिशेब.

२० डिसेंबर २०१५, अंतिम सामना, पुन्हा फातोर्डा, समोर पुन्हा चेन्नईयिन. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी त्या संध्याकाळी पेनल्टीसमोर भिंतीसारखा उभा राहिला, पण अडवलेल्या पेनल्टीचा उसळलेला चेंडू चेन्नईयिनच्या पेलिसारीने आत घातला. हाओकिपने चार मिनिटांत बरोबरी साधली. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१. आता फक्त चेंडू बाहेर मारायचा होता, वेळ खायचा होता, कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे होते. ९० व्या मिनिटाला गोलपुढच्या गोंधळात चेंडू कट्टीमणीलाच लागून आत गेला. दिवसभराचा नायक स्वयंगोलाचा धनी झाला. त्यानंतर दोन मिनिटांत स्टीव्हन मेंडोझाने चेन्नईयिनचा तिसरा गोल केला. ३-२.

कैझर्सलाउटर्न आणि फातोर्डा यांत नऊ वर्षे आणि दोन खंडांचे अंतर आहे, पण चूक तीच. आघाडी मिळाल्यावर दार लावून घेण्याची कला झिकोच्या संघांना कधी आली नाही. १९८२ च्या ज्या ब्राझीलवर आपण जीव टाकतो, त्यालाही ती येत नव्हती. इटलीविरुद्ध बरोबरी पुरेशी असताना तो संघ जिंकायलाच गेला आणि घरी परतला. खेळाडू म्हणून जे त्याचे सौंदर्य होते तेच प्रशिक्षक म्हणून त्याचे वैगुण्य ठरले. समोर चेन्नईयिनच्या बाकावर मार्को मातेराझ्झी होता, बचावात आयुष्य घालवलेला इटालियन. १९८२ चा स्कोअर आठवा: तोही ३-२ होता.

सामन्यानंतर मैदानात जी वादावादी आणि धक्काबुक्की झाली ती सगळ्यांनाच लाज आणणारी होती. चेन्नईयिनचा कर्णधार एलानो याला गोवा पोलिसांनी ताब्यात घेतले, मग जामिनावर सोडले. लीगने गोव्याला दंड केला, पुढच्या हंगामासाठी १५ गुण कापले. अपिलात गुण परत मिळाले, पण संघाची घडी विस्कटली ती विस्कटलीच. त्यात जून २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन जुन्या क्लबनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. ज्या विहिरीतून गोव्याचे खेळाडू यायचे, तीच आटली. २०१६ च्या हंगामात एफसी गोवा आठ संघांत आठवा आला. अखेरच्या सामन्यात त्यांनी त्याच चेन्नईयिनला ५-४ ने हरवले. जिंकतानाही चार गोल खाल्लेच. जानेवारी २०१७ मध्ये झिको गेला.

आता एक तारीख. १८ डिसेंबर २०१६. या दिवशी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना कोचीत झाला. गोवा तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच दिवशी योकोहामात क्लब वर्ल्ड कपचा अंतिम सामना झाला: रेयाल माद्रिद विरुद्ध काशिमा अँटलर्स. गाकू शिबासाकीने दोन गोल केले आणि ५२ व्या मिनिटाला पोलादाच्या गावाचा संघ रेयाल माद्रिदविरुद्ध २-१ ने पुढे होता. रोनाल्डोने पेनल्टीवर बरोबरी केली, जादा वेळेत माद्रिद ४-२ ने जिंकले. माणूस एकच. एका ठिकाणी त्याला १९९१ ते २००२ मधली बहुतेक वर्षे मिळाली, दुसऱ्या ठिकाणी सत्तर-ऐंशी दिवसांचे तीन हंगाम. झिको कमी पडला हे खरेच. पण इंद्रायणी सत्तर दिवसांत कापायला काढली तर विळ्याला दोष देऊन काय होणार?

महाराष्ट्राची गत काही वेगळी नाही. मुंबई सिटीने २०१६ मध्ये अलेक्झांड्रे गिमाराइसला आणले. हा जन्माने ब्राझीलच्या मासेयोचा, खेळला कोस्टा रिकाकडून, १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये खेळाडू आणि २००२, २००६ मध्ये त्याच देशाचा प्रशिक्षक. शांत, हिशेबी माणूस. त्याच्या हाताखाली मुंबई पहिल्यांदा साखळीत अव्वल आली. कर्णधार उरुग्वेचा दिएगो फोर्लान, २०१० च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू. अंधेरीत त्याने केरळविरुद्ध हॅटट्रिक केली, मग उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात लाल कार्ड घेऊन दुसऱ्याला मुकला आणि मुंबई बाहेर पडली. फोर्लान पुढे स्वतः मॅनेजर झाला, माँटेव्हिडिओच्या पेन्यारोलचा, आणि वर्षही पुरे होण्याआधी २०२० मध्ये पायउतार झाला. तिकडेही सगळे आलबेल असते असे समजू नये. गिमाराइस मात्र २०१८ पर्यंत टिकला, आणि आपल्याकडे ते बरेच झाले म्हणायचे.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो जोसे बारेटो. ब्राझीलचा हा आघाडीवीर कोलकात्यात मोहन बागानचा देव झाला, मध्ये मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळला, आणि खेळ संपल्यावर मायदेशी न जाता इथेच प्रशिक्षणाकडे वळला, नवी मुंबईतल्या निवासी अकादमीत पोरांना शिकवू लागला. वर्ल्ड कप नाही, पुतळा नाही, विमानतळावर गर्दी नाही. पण बारा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिला स्पर्श कसा घ्यायचा हे रोज सकाळी सांगायला माणूस हजर. झिकोने काशिमात जे केले त्याच्या जवळ जाणारे काही आपल्याकडे घडले असेल, तर ते या वाटेवर.

आणि ज्या क्लबांनी हे घडवायचे ते? महिंद्रा युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय विजेते होते, २०१० मध्ये बंद. त्यांना विजेते करणारे गोव्याचे डेरिक परेरा पुण्याला आले आणि पुणे एफसीला देशातल्या पहिल्या काही संघांत नेऊन बसवले. तो क्लबही काही वर्षांत गेला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम राष्ट्रीय लीग खेळून थांबले. एफसी पुणे सिटीने २०१८ मध्ये ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा अल्फारो यांच्या जोरावर उपांत्य फेरी गाठली आणि पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला, जागा हैदराबादला गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पुण्याचा हा अखेरचा हंगाम चालू असताना, काशिमाने आशियाचे विजेतेपद मिळवले. त्यांचा तांत्रिक संचालक होता पासष्टीतला झिको. तो त्याच वर्षी परत गेला होता.

गोव्याचे त्यातल्या त्यात बरे. तिथे क्लब राहिला. झिकोनंतर सर्जिओ लोबेरा आला, मंदार राव देसाईला त्याने विंगवरून मागे खेचून डावा बचावपटू केले, आणि २०२० मध्ये साखळीतला पहिला क्रमांक गोव्याला मिळाला. त्या जोरावर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब एफसी गोवा ठरला. मंदार पुढच्याच हंगामात लोबेराबरोबर मुंबईला जाऊन तिथेही विजेता झाला. झिकोच्या पहिल्या संघातला तो विंगर पिकायला सहा वर्षे लागली.

परंदवडी, उर्से, सोमाटणे इथले प्लॉट झपाट्याने विकले जात आहेत. पुढच्या दहा वर्षांत डिसेंबरात खेळायला खाचरेही उरायची नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कारखान्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण त्या यादीत बसते. तेव्हा या पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि ग्रामपंचायतींना विनंती एवढीच: पुतळ्यासाठी आणि उद्घाटनाच्या पाहुण्यासाठी पैसे घालू नका. शंभर बाय पासष्ट मीटरची एक जागा सातबाऱ्यावर मैदान म्हणून राखा, दोन टोकांना लोखंडी गोलपोस्ट रोवा, आणि एका प्रशिक्षकाला दहा वर्षांचा पगार लेखी द्या.